पेलेची कॉसमॉस

न्यूयॉर्क कॉसमॉस या अमेरिकन फुटबॉल (सॉकर) क्लबचं नाव निघालं की मला अजून भरून येतं. १९७५ ला क्लबचे मालक असलेल्या वॉर्नर कंपनीवाल्यांनी चक्क पेलेला आणलं, मग इटलीचा किनालिया, जर्मनीचा बेकनबाउअर, आणि १९७७ ला जायंट्स स्टेडियममध्ये एका मॅचला ७७,६९१ लोक, तेही अमेरिकेत, जिथं फुटबॉल म्हणजे वेगळाच खेळ! त्याच सप्टेंबरात ही टीम कोलकात्याला आली, ईडन गार्डन्सवर चिखल झालेला आणि आपल्या मोहन बागाननं त्यांना २-२ असं रोखलं, काय अभिमान वाटतो! पेलेनं टीम सोडल्यावरही नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगची तीन टायटल्स जिंकली त्यांनी. पण गर्दी ओसरली, बाकीच्या टीम्स त्यांच्यासारखा खर्च करायला जाऊन बुडाल्या, वॉर्नरची व्हिडिओ गेम कंपनी अटारी तोट्यात गेली, पैसा आटला. १९८५ ला लीगच बंद पडली आणि त्याच वर्षी कॉसमॉसही संपली, फार वाईट वाटतं.