तुम्ही विचारलंत म्हणून : यंदा मुलींची टीम कुठपर्यंत जाईल?

ॲडमिशनची गर्दी सुरू झाली की पालक, पास होऊन गेलेल्या खेळाडू, कधी स्टाफरूममधले सहकारी एकच प्रश्न विचारतात : "यंदा आपली मुलींची बास्केटबॉल टीम कुठपर्यंत जाईल?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच नाव असतं, गेल्या वर्षी सगळ्यात जास्त बास्केट करणाऱ्या मुलीचं. ती अजून कॉलेजात आहे ना, मग चिंता नाही, असा हिशोब. माझं उत्तर त्या मुलीपासून सुरू होत नाही. प्रेस लागल्यावर, म्हणजे समोरच्या मुली पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन अडवू लागल्यावर, बॉल मधली रेष सुखरूप ओलांडतो का आणि सहावी, सातवी, आठवी मुलगी कोण आहे, हे मी आधी बघतो.

पण त्याआधी "कुठपर्यंत" म्हणजे काय ते बघू. पुणे विद्यापीठात कॉलेजची टीम आधी आपल्या विभागात खेळते : पुणे शहर, पुणे जिल्हा, नाशिक, अहिल्यानगर. कॉलेज म्हणून प्रवास तिथेच संपतो. पुढे विभागाची निवडलेली टीम आंतरविभागीय खेळते, त्यातून विद्यापीठाची टीम निघते आणि ती महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी पश्चिम विभागात भिडते. म्हणून या प्रश्नाला दोन उत्तरं असतात. टीम विभागात कितवी येईल हे एक, आणि आपल्यातल्या किती मुली निवडीत टिकतील हे दुसरं. टीम उपांत्य फेरीत हरूनही दोन मुली विद्यापीठाकडून खेळल्या, असं घडू शकतं.

गोंधळ होतो तो ज्युनिअर कॉलेजच्या मुलींवरून. अकरावी-बारावीची मुलगी शालेय स्पर्धांमध्ये १९ वर्षांखालील गटात खेळते, तिला विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरवता येत नाही. ग्राउंडवर ती सीनिअर मुलींना भारी पडत असली तरी ती यंदाच्या टीममध्ये धरायची नाही. ती पुढच्या वर्षाची, आणि तेही तिने एफवायला इथेच प्रवेश घेतला तर. बारावीनंतर चांगली खेळाडू दुसऱ्या कॉलेजने नेली की दोन वर्षांची मेहनत गेली, म्हणून तिच्या घरच्यांशी बारावीच्या निकालाआधी बोलावं लागतं.

आता हिशोब. सामना १० मिनिटांच्या चार क्वार्टरचा, कोर्टवर पाच जणी, म्हणजे एका सामन्यात २०० मिनिटं वाटायची असतात. गेल्या वर्षीच्या २०० पैकी किती मिनिटं खेळलेल्या मुली परत येतात, हा माझा पहिला आकडा. तिसऱ्या वर्षाच्या तीन मुली पास होऊन गेल्या आणि त्या प्रत्येकी ३५ मिनिटं खेळत होत्या, तर १०५ मिनिटं गेली. उरलेली स्टार कितीही चांगली असली तरी टीम अर्धी नवी आहे. जुन्या स्कोअरशीटवरून याचा अंदाज येतो : सुरुवातीच्या पाच जणींच्या फुलीभोवती गोल असतो, नंतर आलेल्यांची नुसती फुली. ज्या शीटवर गोलाबाहेर एक-दोनच फुल्या दिसतात, ती टीम पाच-सहा जणींवर चालत होती.

मात्र स्कोअरशीट सगळं सांगत नाही. झालेले फ्री थ्रो (फाउलनंतर न अडवता मारायला मिळणारे शॉट) त्यात भरीव ठिपक्याने दिसतात, चुकलेले कुठेच दिसत नाहीत. टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला बॉल) नाहीत, रिबाउंड (शॉट चुकल्यावर पकडलेला बॉल) नाहीत. म्हणून बेंचवरच्या एका मुलीकडे वही द्यावी. चार रकाने पुरतात : घेतलेले शॉट, घेतलेले फ्री थ्रो, आपलाच शॉट चुकल्यावर परत मिळवलेले रिबाउंड, टर्नओव्हर. त्यातून टीमला किती वेळा बॉल मिळाला ते काढता येतं. शॉटमध्ये टर्नओव्हर मिळवा, फ्री थ्रोला ०.४४ ने गुणून तेही मिळवा, परत मिळवलेले रिबाउंड वजा करा. समजा ६० शॉट, २० फ्री थ्रो, १२ रिबाउंड आणि २८ टर्नओव्हर. उत्तर साधारण ८५ येतं. म्हणजे ८५ वेळा बॉल हातात आला आणि २८ वेळा, तिसरा हिस्सा, शॉट न मारताच गेला. या टीमने ५० गुण केले असतील तर बॉल टिकवलेल्या ५७ वेळांत केले, दर वेळी पाऊण गुणापेक्षा थोडे जास्त. टर्नओव्हर २८ वरून २० वर आणले की शूटिंग तसूभरही न सुधारता सात गुण वाढतात. शिवाय समोरच्यांना मिळणारे फुकटचे लेअप (बास्केटजवळ जाऊन मारलेले सोपे शॉट) कमी होतात, ते वेगळेच. कॉलेज पातळीवर सात गुणांत सामना फिरतो.

हे टर्नओव्हर होतात कुठे, ते जवळून बघा. समोरच्यांनी बास्केट केलं. बेसलाइनबाहेरून, म्हणजे बास्केटमागच्या रेषेबाहेरून, बॉल आत टाकायला आपल्याला पाच सेकंद, मधल्या रेषेपलीकडे न्यायला आठ. त्यांनी प्रेस लावला. आपली पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी मुलगी, कोपऱ्याकडे पळत जाते आणि बेसलाइनकडे तोंड करून बॉल घेते, म्हणजे पाठीमागचं सगळं कोर्ट तिला दिसत नाही. वळून बघायच्या आधीच ती ड्रिबल (बॉल आपटत पुढे नेणं) सुरू करते, कारण घाई आहे. साइडलाइनच्या कडेकडेने सुटते, मधली रेष ओलांडते आणि तिथेच दोघी तिला गाठतात. आता एका बाजूला साइडलाइन, पाठीमागे मधली रेष, तिथून बॉल मागे देता येत नाही, समोर दोघींचे चार हात. तिने ड्रिबल थांबवलेलं आहे. ती डोक्यावरून उंच पास टाकते. उंच पास हवेत रेंगाळतो, तिसरी मुलगी तो मधेच उचलते आणि चार पावलांवर लेअप. त्यानंतर ओरडा होतो तो पॉइंट गार्डच्या नावाने. पण चुकलेल्या असतात बाकीच्या चौघी : दोघी बॉल मागायला तिच्या अंगावर धावून गेल्या आणि आपापली डिफेंडरही सोबत घेऊन आल्या, दोघी पुढे पळून बास्केटखाली हात वर करून उभ्या राहिल्या.

यावरचा उपाय जागांचा आहे. एक मुलगी मधल्या वर्तुळात, एक बॉलच्या उलट्या बाजूला, बॉल आत टाकणारी बॉलच्या मागे तीन-चार मीटरवर, आणि फक्त एकच जण पुढे. बॉल घेणारीने दोन्ही पाय एकदम टेकवून थांबायचं, पिव्हट करून, म्हणजे एक पाय जागेवर ठेवून वळून, समोर तोंड करायचं, आधी मधलीकडे बघायचं आणि मगच ड्रिबल. पास छातीतून किंवा टप्प्याचा, तरंगता नाही. रेष ओलांडायची ती मधून, कडेने नाही. सरावात पाच जणींसमोर सात डिफेंडर उभ्या करा आणि दहा प्रयत्न द्या. आठ सेकंदांत सात वेळा बॉल पलीकडे गेला तर टीम तयार आहे. ऑगस्टच्या शेवटी हा आकडा चारवर अडकला असेल तर विभागात दुसऱ्या फेरीपुढचं स्वप्न मी बघत नाही. आणि हे करताना बॉल हाताळू शकणाऱ्या दोन मुली लागतात. एकच असली तर तिला पाचवा फाउल होऊन ती बाहेर बसण्याच्या क्षणी सामना संपतो.

फाउलवरून बेंचचा विषय येतो. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो. दमलेली मुलगी पाय हलवत नाही, हात पुढे करते, आणि फाउल तिथेच होतो. विभागाचे सामने बहुतेक बाद पद्धतीचे, लागोपाठच्या दिवशी, कधी सकाळी एक आणि दुपारी एक. पाच जणींना ४० मिनिटं पळवून पहिला सामना जिंकता येतो, दुसऱ्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये पाय संपतात. सहावी, सातवी आणि आठवी मुलगी प्रत्येकी १२ ते १५ मिनिटं, पुढे असलेला स्कोअर न घालवता खेळू शकते का, एवढंच मला हवं असतं. तिने गुण केले नाहीत तरी चालेल.

फ्री थ्रोची मात्र गय नको. २० पैकी ९ आणि २० पैकी १२ यांत तीन गुणांचा फरक आहे आणि तो भरून काढायला उंची लागत नाही. २०१७ साली बेंगळुरूत भारताच्या मुलींनी आशिया चषकाची ब गटाची स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. त्या पातळीवरही निकाल दोन गुणांचा. सरावात चूक अशी होते की मुली आरामात उभ्या राहून ५० फ्री थ्रो मारतात. सामन्यात असे ५० मिळत नाहीत, धापा टाकत दोन मिळतात. म्हणून कोर्टाच्या दोन फेऱ्या पळा, दोन मारा, लिहा, पुन्हा पळा. असे रोज दहा संच.

बॉलकडेही बघा. मुलींचा बॉल ६ नंबरचा, वजन ५१० ते ५५० ग्रॅम. मुलांचा ७ नंबरचा, ५८० ते ६२०. ग्राउंड एकच आणि स्टोअरमधून जो हाताला लागेल तो बॉल, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. महिनाभर जड बॉलने सराव केलेली मुलगी सामन्यात लांबचा शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आपटते आणि आपलं काय बिघडलं हे तिला कळत नाही.

आता दिवस मोजू, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज फसतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत ११ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस धरले तर ५५ सराव. पुण्यात सिमेंटचं उघडं कोर्ट असेल तर पाऊस त्यातले बरेच खातो. ओल्या सिमेंटवर थांबणं-वळणं शिकवता येत नाही, आणि शिकवूही नये. मग गणपती. ढोल-ताशा पथकात जाणाऱ्या मुली कमी नाहीत आणि पथकांचा सराव संध्याकाळी दीड-दोन महिने चालतो. कमरेला ढोल बांधून दोन तास वाजवलेली मुलगी सकाळी सातला मोकळ्या खांद्याने शॉट मारू शकत नाही. तिला पथक सोडायला सांगू नये, तिचा त्यात जीव असतो. कोणते दिवस कुठे, हे जुलैतच तिच्याशी बसून ठरवावं. मग अंतर्गत परीक्षा. हातात तीस-पस्तीस सराव उरतात. पावसाच्या दिवशी मोकळा हॉल किंवा पार्किंग मिळालं तर ड्रिबल, पिव्हट, पास आणि उडी मारून उतरणं एवढं तरी करता येतं.

उतरण्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सीझन घालवणारी दुखापत इथे होते. उडी मारून, वळून थांबायच्या खेळांत गुडघ्यातला एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा लिगामेंट) तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि बरेचदा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. रिबाउंड घेऊन मुलगी एका पायावर उतरते, गुडघा सरळ, तो आत वळतो, बस. ऑपरेशन झालं तर परत खेळायला नऊ महिने तरी धरावेत, म्हणजे वर्ष गेलं. योग्य वॉर्म-अपने हा धोका जवळपास निम्म्याने कमी होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आठवड्यातून तीन दिवस १५ मिनिटं द्या : दोन्ही पायांवर उतरणं, गुडघे वाकलेले आणि पंजांच्या रेषेत, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. उतरताना आवाज कमी यायला हवा. धप्प आवाज आला की गुडघा वाकलेला नाही.

आणि रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात कॉलेजच्या मुली आल्याच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जिला धाप लागते तिला "स्टॅमिना नाही" म्हणून जास्त पळवलं जातं, आणि तिचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू केल्या तरी सावरायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून तपासणी जुलैत, सामन्यांच्या आठवड्यात नाही. जेवणासोबतचा चहा तेवढा बंद. पाळीचे दिवसही न लाजता बोलता येतील असं वातावरण हवं. त्या दिवशी सराव करायचा की हलका ठेवायचा, हे तिने सांगावं.

कागदपत्रांत हरलेल्या टीमही असतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बोनाफाइड, ओळखपत्र, पात्रतेचा फॉर्म. नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर थोडं वेगळं असलं की आदल्या रात्री धावाधाव होते. ऑगस्टमध्येच प्रत्येकीची फाइल करून ठेवावी.

तर, कुठपर्यंत? गेल्या वर्षीची १२० च्या वर मिनिटं परत आलेली, बॉल हाताळणाऱ्या दोघी, भरवशाच्या आठ जणी आणि टर्नओव्हर वीसच्या आसपास, अशी टीम मी विभागाच्या उपांत्य फेरीत धरतो, स्टार नसली तरी. ५० पैकी ३० गुण एकटीने करणारी स्टार आहे आणि बाकी यातलं काही नाही, तर ती टीम पहिला चांगला प्रेस लावणारा संघ समोर येईपर्यंत जाते. मुलगी मात्र निवडीत दिसू शकते. ऑगस्टअखेरच्या सराव सामन्याला या. वही आणा आणि पहिल्या क्वार्टरमध्ये फक्त टर्नओव्हर मोजा. पाचच्या आत असतील तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा यायची तयारी ठेवा.