आमची वाटचाल : ह्यूस्टन ते बॅटन रूज, ट्रेलरचे हिसके आणि आम्ही

आमचा धंदा छोटाच आहे, दोन पिकअप ट्रक, तीन गूजनेक ट्रेलर, मी, बायको आणि एक मेक्सिकन ड्रायव्हर जो आता घरातलाच झालाय. ह्यूस्टनमध्ये 2018 ला सुरू केलं. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये हार्वे वादळाने अर्धं शहर पाण्यात घातलेलं, त्याच्याही आधी 2016 ला तिकडे शेजारच्या लुइझियाना राज्यात बॅटन रूजला मोठा पूर येऊन गेलेला, त्यामुळे दोन्हीकडे लोक घरं नव्याने बांधत होते आणि किचनच्या ओट्यांना ग्रॅनाइट लागत होतं. एका ओळखीच्या ग्रॅनाइटवाल्याने विचारलं स्लॅब पोचवशील का, म्हटलं पोचवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गूजनेक म्हणजे ज्याची मान बदकासारखी वर जाऊन पुढे वाकते आणि खाली ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या 2 5/16 इंची गोळ्यावर, म्हणजे बॉलवर बसते. हा बॉल ट्रकच्या मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असतो, म्हणून मागे बंपरला जोडलेल्या ट्रेलरपेक्षा हा स्थिर चालतो, शेपटी हलवत नाही. पण त्याचा दुसरा त्रास आहे. रस्त्याचा प्रत्येक दणका ट्रेलरच्या मानेतून थेट ट्रकच्या चेसीसमध्ये आणि तिथून तुमच्या पाठीत येतो, आणि एकदा का लय सापडली की गाडी घोड्यासारखी उधळायला लागते, पुढे मागे पुढे मागे, कॉफीचा कप धरता येत नाही.

ह्यूस्टनहून बॅटन रूजला जाणारा आय-टेन हायवे सिमेंटचा आहे. जिथे सिमेंटचे स्लॅब 15 फुटांचे आहेत तिथे 60 मैलाच्या स्पीडला गाडी सेकंदाला 88 फूट जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा सांधे. त्यात पुलाच्या तोंडाशी भराव खचलेला असतो तिथे वेगळी उडी. आणि लफायेतच्या पुढे अटचफलाया खोऱ्यावरचा पूल तर 18 मैलांचा आहे, खाली दलदल, थांबायचं म्हटलं तरी मनासारखी जागा नाही.

पहिल्या वर्षी याच रस्त्यावर ग्रॅनाइटचे दोन स्लॅब फुटले. 3 सेंटीमीटर जाडीचा मोठा स्लॅब हजार पौंडाच्या आसपास भरतो, बांधलेला नीट होता, पट्टे सैल झाले नव्हते, लाकडी पाचरी जागच्या जागी होत्या. पण दगडात नस असते आणि तीन-चार तास हिसके बसले की ती नस उघडते. गिऱ्हाइकाच्या अंगणात पट्टा सोडला आणि कोपऱ्यातून आडवी चीर दिसली, तो क्षण मी विसरणार नाही. पैसे आम्ही भरून दिले. त्या महिन्यात घराचा हप्ता बायकोच्या पगारातून गेला, ती एक शब्द बोलली नाही, फक्त म्हणाली हे परत होता कामा नये, मग काय करायचं ते शोध.

मी रात्री वडिलांना फोन केला. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, वडिलांनी वीस वर्षं ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस घातलाय. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, "पिन बघितलीस का रे?" मी म्हटलं आबा इथे पिन नसते, बॉल असतो. तर म्हणाले, "असू दे की. जोडात जागा किती आहे ते बघ. जागा असली की आधी ट्रॉली ढकलणार, मग ट्रॅक्टर ओढणार, मधे धाडकन वाजणारच." ऊस ट्रॉलीच्या हुकाचं भोक झिजून लांबट झालं की उतारावर जो दणका बसतो तो मी लहानपणी मडगार्डवर बसून खाल्लेला आहे, पण इथे हजारो डॉलरच्या गाडीला तोच नियम लागेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकोला ट्रकमध्ये बसवलं, तिला म्हटलं ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धर आणि हळू पुढे घे, हळू मागे घे. मी हौद्याशेजारी उभा राहून जोड बघत होतो. खटक, खटक! दोन ठिकाणी जागा होती, एक म्हणजे कपलरची, म्हणजे मानेच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या तोंडाची, पकड सैल, आणि दुसरी त्याहून मोठी, कपलरची उंची कमी-जास्त करायची जी आतली नळी असते तिचे बोल्ट नुसते हाताने लावल्यासारखे. ते आवळले, चेकनट लावले, पकड अॅडजस्ट केली. एक डॉलर खर्च नाही आणि निम्मा आवाज गेला.

मग वजन. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर ट्रेलरसकट आणि ट्रेलर सोडून असं दोनदा वजन केलं. ट्रेलर मालासकट 16,000 पौंड आणि बॉलवर येत होते फक्त 1,900, म्हणजे 12 टक्के. गूजनेकला 20 ते 25 टक्के पाहिजे. मी स्लॅब उभे टेकवायचे घोडे बरोबर एक्सलवर ठेवत होतो, वाटायचं तिथे चाकं आहेत तर तिथेच भार बरा. ते चार फूट पुढे सरकवले तर 3,400 च्या आसपास आलं. ट्रेलरचं नाकही वर होतं, कपलरची नळी एक भोक खाली घेऊन लेव्हल केला, नाहीतर दोन एक्सलपैकी मागचाच जास्त भार घेतो.

ट्रकला मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग होत्या, मी त्यात 80 पीएसआय हवा भरून ठेवायचो, जास्त हवा म्हणजे जास्त आराम असा समज! उलट आहे, गाडी दगड होते. आता ट्रक लेव्हल होईल इतकीच हवा, लोडवर 30 च्या आसपास. ट्रेलरच्या टायरला मात्र साइडवॉलवर लिहिलेली पूर्ण हवा, तिथे तडजोड नाही.

ब्रेकचं पण तसंच, ट्रेलरचा ब्रेक उशिरा लागला की तो ट्रकला ढकलतो आणि लवकर लागला की मागून ओढल्यासारखा हिसका. दर वेळी लोड बदलला की मोकळ्या जागेत 25 मैलावर फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबून बघायचं, चाकं लॉक न होता गाडी दमात थांबली पाहिजे, तेवढा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर ठेवायचा.

एवढं सगळं झाल्यावर मग आम्ही रबर आणि हवेवर तरंगणारा कपलर घेतला. लोक सगळ्यात आधी हाच घेतात आणि मग म्हणतात फरक नाही पडला, कारण खाली बोल्ट ढिलेच असतात. आमच्याकडे फरक पडला, विशेषतः रिकाम्या ट्रेलरला. येताना रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा जास्त उधळतो, स्प्रिंगचे पाटे जड मालासाठी केलेले असतात, रिकामे असले की वाकतच नाहीत. तिथे अजून एक उपाय म्हणजे स्पीड, 65 वर उधळणारी गाडी 58 ला शांत होते, लय मोडते. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, उशीर झाला तर फोन मी घेईन, तू स्पीड कमी कर.

तो ग्रॅनाइटवाला अजून आमच्याकडेच आहे, त्या दोन स्लॅबनंतर एकही फुटला नाही. गेल्या वर्षी आबा आले होते, त्यांना बॅटन रूजच्या फेरीला घेऊन गेलो. तो 18 मैलांचा पूल संपेपर्यंत ते मागच्या काचेतून जोडाकडेच बघत बसले होते.