सहायक प्रशिक्षकाची नोकरी

पुण्याच्या कोर्टांवर वाढलेला माझा भाचा अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून चार वर्षे टेनिस खेळला, आणि पदवी हातात पडताच "मामा, मी इथेच सहायक प्रशिक्षक होतोय" असे त्याने फोनवर सांगितले, तेव्हा ही नोकरी असते तरी कसली, असाच प्रश्न घरात सगळ्यांना पडला. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून आणि ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, हे आपल्याकडच्या टेनिसप्रेमींना ठाऊक असते. तिथल्या संघांच्या प्रशिक्षकांविषयी मात्र आपण कधी चौकशी केलेली नसते.

या पेशातला सर्वांत मोठा दाखला म्हणजे स्टॅनफर्डचे डिक गूल्ड. ते काही नावाजलेले व्यावसायिक खेळाडू नव्हते. आधी शाळेत, मग फूटहिल या दोन वर्षांच्या महाविद्यालयात शिकवून १९६६ मध्ये ते स्वतःच्याच विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून परतले. विद्यापीठांच्या स्पर्धेतले पहिले राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळायला १९७३ उजाडले. म्हणजे सात वर्षे त्यांना कुणी हलवले नाही, आणि मला तर त्यांच्या कारकिर्दीतली हीच गोष्ट सर्वांत नवलाची वाटते. २००४ मध्ये ते पायउतार झाले तेव्हा नावावर १७ विजेतेपदे होती. जॉन मॅकेन्रो १९७८ मध्ये त्यांच्याच संघातून एकेरीचा विजेता झाला आणि लगेच व्यावसायिक टेनिसकडे वळला. असा खेळाडू वर्षभरात निघून जाणार हे गृहीत धरूनच पुढच्या मुलांच्या घरी फोन करत राहावे लागते. गूल्ड यांची जागा त्यांचाच जुना खेळाडू आणि अनेक वर्षांचा सहायक जॉन व्हिटलिंगर याने घेतली, आणि २०१४ मध्ये ती पॉल गोल्डस्टीनकडे गेली. तोही गूल्ड यांच्याच हाताखाली सलग चार वर्षे विजेत्या संघात खेळलेला.

खेळाडू, सहायक, मग मुख्य प्रशिक्षक अशी ही शिडी कागदावर सोपी दिसते, परंतु एका संघात मुख्य प्रशिक्षकाची जागा एकच असते आणि ती धरणारा माणूस तीस-तीस वर्षे हलत नाही. त्यातच पैशांचा हिशेब. विद्यापीठ स्पर्धांच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतल्या पुरुष संघाला अगदी अलीकडेपर्यंत साडेचार शिष्यवृत्त्याच देता येत असत, आणि त्या आठ-दहा मुलांत तुकडे करून वाटाव्या लागत. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला केवळ आश्वासन. मुलाच्या आईवडिलांशी ही घासाघीस करणे हे फोरहँड सुधारण्याइतकेच प्रशिक्षकाचे काम आहे. स्वयंसेवक सहायक म्हणून बिनपगारी राबण्याची प्रथा होती, ती २०२३ मध्ये बंद झाली. भाच्याच्या आईला एवढे ऐकून जरा धीर आला.

गेल्या वसंतात मी त्याचा एक सामना पाहिला. आधी दुहेरीच्या तीन लढती झाल्या आणि त्यांतल्या दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण. मग एकेरीच्या सहा लढती सहा कोर्टांवर एकाच वेळी सुरू, प्रत्येकीला एक गुण, आणि चार गुणांवर सामन्याचा निकाल. मुख्य प्रशिक्षक पहिल्या कोर्टाच्या बाकावर, आणि भाचा हातात टॉवेल घेऊन चौथ्यावरून सहाव्यावर. एका मुलाचा पहिला सेट गेला होता. बाजू बदलताना भाचा त्याच्याशेजारी बसला, नव्वद सेकंदांत दोनच वाक्ये बोलला आणि पाण्याची बाटली पुढे केली. काय सांगितलेस, असे मी नंतर विचारले तर म्हणाला, "बॅकहँडला उंच टाक, आणि त्याच्याकडे बघू नकोस."

तो मुलगा हरला, संघ मात्र ४-३ ने जिंकला. रात्री हॉटेलच्या खोलीत भाचा तीन रॅकेटांचे गटिंग करत, म्हणजे नव्या तारा ओवत बसला होता, कारण पहाटे सहाला संघाची व्हॅन त्यालाच चालवायची होती.