लग्न मे महिन्यात, थीम ज्वारीची

"थीम म्हंजे काय असतंय?" आईनं फोनवर विचारलं. इकडं जर्मनीत श्टुटगार्टला एका मैत्रिणीचं लग्न जुन्या कोठारात झालं, त्याचे फोटो मी तिला पाठवले होते. पाहुणे मोजके, बसायला गवताचे गठ्ठे, केक ज्यानं त्यानं घरून आणलेले. नवरा-नवरीनं दोन बाजूंनी करवत धरून लाकडाचा ओंडका कापला. तशी इथली रीतच आहे. कायद्याचं लग्न सरकारी नोंदणी कार्यालयात लागतं, बाकीचा सोहळा हौसेचा.

मला तसंच निवांत लग्न हवंय, पण अंबाजोगाईजवळच्या आमच्या मळ्यात. आणि थीम ज्वारी. माझ्या शिक्षणाची फी मालदांडी ज्वारी विकून आलेल्या पट्टीतून गेली आणि होणारा नवरा परभणीत ज्वारीवरच शिकलाय. याहून आमचं दोघांचं असं दुसरं काय असणार?

अण्णांना कल्पना पटली. फक्त पाहुण्यांना कडब्याच्या पेंढ्यांवर बसवायचं म्हटल्यावर ते उखडले. "जनावराच्या तोंडचा घास हाय तो. अन् मे महिन्यात मांडवात कडबा? एखाद्यानं बिडी पेटवली म्हंजे?" बरोबरच आहे. उन्हाळ्यात कडब्याचा भाव काय असतो ते इथल्या कोठारवाल्यांना काय कळणार! सतरंज्या ठरल्या.

तारखेचं गणित वेगळंच. इथं लोक जून-जुलैचं ऊन बघून लग्न ठरवतात, आपल्याकडं उन्हापासून पळायचं असतं. शिवाय २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे लग्नं बंद. म्हणून मेचा पहिला आठवडा आणि गोरज मुहूर्त. दुपारी बाराच्या मुहूर्ताला बेचाळीस अंशांत मंगलाष्टकं ऐकत उभं राहणं ही पाहुण्यांना शिक्षाच. आईचा हिशेब त्याही पुढचा: लग्न आधी उरकलं की नव्या जावयाला लगेच धोंड्याचं जेवण. हे ऐकून जावई भलताच खूश.

जेवणात सगळ्यात जास्त डोकं गेलं. पोळ्या आचारी कितीही लाटतो, पण शेकड्यानं गरम भाकरी कोण थापणार? मग मावशीनं तोड काढली: बचत गटाच्या बायकांकडून कडक भाकरी आदल्या दिवशीच करून घ्यायच्या. येसर आमटीत चुरून खायला त्याच बऱ्या. सोबत भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि आमरस. पनीर नाही. यावर मी ठाम आहे, चुलतभाऊ रुसला तरी.

तोरणासाठी अण्णांनी सुगीतच चांगली टपोरी कणसं निवडून बाजूला टांगलीत. अक्षतांना मात्र काही वेगळं करावं लागलं नाही, आमच्याकडं त्या हळदी-कुंकवानं रंगवलेल्या ज्वारीच्याच असतात.

अडलंय ते पाहुण्यांच्या यादीवर. मैत्रिणीनं कार्डावर लिहिलं होतं, कोण येणार ते अमुक तारखेपर्यंत कळवा. आमच्या भावकीत असं विचारलं तर लोक पत्रिका परत धाडतील. त्यामुळं माणसं कमी करायचा नाद मी सोडलाय. त्याऐवजी डीजे, माईकवरून आहेराची नावं आणि पुढाऱ्यांचे आशीर्वाद एवढं कमी करायचंय. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापलंय. आई म्हणते, छापायला काय जातंय, टॉवेल-टोप्या तर आणाव्याच लागतील.