गणिताची चाचणी आणि 11 डिसेंबर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला. संपादक मंडळींना शिस्त, संस्कार, खो-खोची ढाल असलं काही अपेक्षित असणार. ते बाकीचे लिहितीलच. माझ्याकडं एक कबुली आहे. आजवर ती एकाच माणसापाशी दिली, 1968 च्या जानेवारीत.

मी तेव्हा आठवीत होतो. कोयनाकाठच्या आमच्या गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून पाटणला बोर्डिंगात. कौलारू लांबलचक खोली, दगड-मातीच्या भिंती, भिंतीकडेला ओळीनं पत्र्याच्या ट्रंका आणि एक्केचाळीस पोरं. दिवेलागणीला परवचा व्हायचा, मग प्रार्थना. ती संपली की आमचे रेक्टर गुरुजी टोपी काढून जमिनीला डोकं टेकवत आणि म्हणत, "आता मिनिटभर डोळे मिटा. ज्याला जे मागायचं ते मनात मागा." आम्ही काय मागणार? आमटीत डाळ जास्त पडू दे, शनिवारी बाबा येऊ देत. 1967 सालच्या 10 डिसेंबरला, रविवारी मी मागितलं, "देवा, उद्याची गणिताची चाचणी होऊ देऊ नकोस. काहीही कर." चक्रवाढ व्याज माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. ‘काहीही कर’ हे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात.

पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी ते झालं.

जमिनीतली गुडगुड आम्हाला नवी नव्हती. 1962 पासून कोयना धरणात पाणी अडायला लागलं आणि त्यानंतर भूकंपाचे लहानसहान धक्के सुरू झाले होते. म्हातारी माणसं म्हणायची, धरणीला ओझं सोसंना. त्या पहाटे मात्र आवाज थांबलाच नाही. आधी ट्रंका वाजल्या, मग कौलं बदाबदा कोसळायला लागली. तोंडात मातीच माती. कुणी कुणाला ओढलं देव जाणे, सगळे मैदानात आलो. गुरुजी अंधारात एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होते. चाळीसच भरले. ते परत आत शिरणार एवढ्यात एक्केचाळीसावा टमरेल हातात घेऊन ओढ्याकडून पळत आला. परसाकडेला गेला होता गडी. पुढं आयुष्यभर आम्ही त्याला ‘टमरेल’च म्हणत आलो.

हसायला फार वेळ मिळाला नाही. पेठेतून ओरडा उठला, "धरण फुटलं!" कोयनानगर आमच्या वरच्या अंगाला. तिथून पाणी सुटलं असतं तर पाटण कुठलं उरायला! गुरुजींनी लहान पोरांना मधे घेतलं आणि आम्हाला शाळेमागच्या टेकाडावर चढवलं. उजाडेपर्यंत तिथंच बसलो. अधूनमधून जमीन हलायची, कुणीतरी रडायला लागायचं. मग गुरुजींनी नेहमीची प्रार्थना सुरू केली. मधेच एक धक्का आला, तरी त्यांनी ओळ तोडली नाही, म्हणून आम्हीही तोडली नाही. मागण्याचं मिनिट तेवढं त्यांनी दिलं नाही. मला हायसं वाटलं. परत काही मागायची माझी हिंमत नव्हती.

धरण फुटलं नव्हतं. पुढं मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, तेव्हा सगळं नीट कळलं. 103 मीटर उंचीच्या त्या भिंतीला वरच्या अंगाला तडे गेले, पण ती उभी राहिली. नंतर तिचा उंच भाग मागून आधार देऊन बळकट केला. त्या पहाटे मुंबईचीसुद्धा वीज गेली होती. माणसं गेली ती पावणेदोनशेच्या आसपास. चाफळच्या रामाच्या देवळालाही भूकंपानं सोडलं नाही, पुढं त्याचा जीर्णोद्धार करावा लागला.

आमच्या गावात थोरली चुलती भिंतीखाली गेली. बाबा मला घेऊन घरी आले तेव्हा आजी उघड्यावर तीन दगडांवर भाकरी भाजत होती. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "येडोबानं राखलं माझ्या लेकराला." मी विचारलं, "मग काकीला का न्हाई राखलं?" आजीनं भाकरी उलटली. बराच वेळ ती तव्याकडंच बघत होती.

शाळा पुन्हा भरली ती मंडपात. गुरुजी थोडे उशिरा आले. शेवटचं पोर त्याच्या बापाच्या हाती देईपर्यंत ते पाटणातून हलले नव्हते. त्यांचं गाव हेळवाकच्या बाजूला होतं आणि तिथं त्यांची आई एकटी होती, हे आम्हाला माहीतच नव्हतं. पहिल्या संध्याकाळी प्रार्थना झाली, त्यांनी सवयीनं टोपी काढली आणि डोकं टेकवलं. डोक्याचं मुंडन केलेलं होतं. कंदिलाच्या उजेडात सगळ्यांना दिसलं, कुणी काही बोललं नाही.

त्या रात्री मी त्यांच्याजवळ जाऊन रडत रडत सगळं सांगितलं. मीच मागितलं होतं. ‘काहीही कर’ म्हणालो होतो.

गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अरे बाबा, तुझी चाचणी बुडवायला त्याला एवढी खटपट कशाला? मला नुसता ताप आणला असता तरी बुडाली असती."

मला हसू आलं आणि आणखीच रडू आलं. थोड्या वेळानं विचारलं, "तुम्ही काय मागितलं हुतं, टेकाडावर?"

त्यांनी टोपी हातात दोन-तीनदा फिरवली. "मागणार काय! म्हटलं, पोरं माझ्याकडं हायत, आई तुझ्याकडं. तू तिकडं बघ, मी इकडं बघतो."

‘मग बघितलं का त्यानं?’ हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही. गुरुजींनी कंदिलाची वात बारीक केली, मला वाकळ पांघरायला लावली आणि नेहमीसारखे पोरं मोजत मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

चाचणी जानेवारीअखेरीला झाली, मांडीवर पाटी आणि पाटीवर कागद ठेवून. मला पन्नासात अठरा मिळाले. आदल्या रात्री मिनिटभर डोळे मिटायला मिळाले होते, पण गणिताचा विषय मी काढला नाही.