फक्त पंधरा मिनिटं

गेल्या रविवारी मित्राबरोबर सोलापुरात प्लॉट बघायला गेलो होतो. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रोशर आलेलं, "सात रस्त्यापासून फक्त १५ मिनिटं", वर हिरवंगार गार्डन, पोरं सायकल चालवतायत वगैरे. म्हटलं चल, रविवारचं तसंही काय करतोय. सात रस्त्याला चहा मारला, घड्याळ बघितलं आणि विजापूर रोडनं निघालो, तो, त्याची बायको आणि मी. पत्रकार भवनला सिग्नल, संभाजी तलावापाशी कुणाची तरी वरात, मग आयटीआय, सैफुल, सोरेगाव, मग आत वळून कच्चा रस्ता, म्हशी, पुन्हा कच्चा रस्ता. ३८ मिनिटं.

तिथं काय, काळ्या रानात फक्कीच्या रेषा आणि नंबर टाकलेले पिवळे दगड. कमान मात्र पक्की, बघत राहावी अशी. नारळाची चार रोपं, त्यातली दोन वाळलेली. एजंट पोरगा लै गोड बोलत होता, इकडनं रिंगरोड जाणार, तिकडं शाळा येणार, दोन वर्षात डबल. मित्राची बायको इतका वेळ गप्प होती, तिनं एकच विचारलं, "भाऊ, सिटी बस कुठपर्यंत येते?" पोरगा हसला. म्हणाला, "मॅडम, टू-व्हीलर हाय की आता प्रत्येकाकडं."

मला वाटतं गेल्या तीस वर्षांचं सोलापूरचं सगळं नियोजन त्या एका वाक्यात आलं.

मी साखर पेठेत वाढलो. खाली माग, वर आम्ही. बाप कामाला जायचा म्हणजे जिना उतरायचा. दूध, किराणा, शाळा, दवाखाना, लग्नाचं कार्यालय, सगळं चालत. मिलमधल्या लोकांचंही तसंच, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या सगळ्या मिल शहराच्या पोटात आणि कामगार चाळीत, भोंगा झाला की चालत निघायचं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालून त्याच दिवशी परत येतात ना, ती उंच काठी पेलत अनवाणी एका दिवसात जेवढं फिरता येतं तेवढंच आमचं गाव होतं असं समजा. दाटी होती, गटारी उघड्या होत्या, मागाच्या खडखडाटानं पाहुण्यांना झोप लागायची नाही, हे पण खरंय. उगाच जुनं ते सोनं म्हणायला मला आवडत नाही.

मग १९९२ साली हद्दवाढ झाली. आजूबाजूची गावं शहरात घेतली आणि ३३ चौरस किलोमीटरचं सोलापूर एकदम १७८ चौरस किलोमीटरचं झालं. पाचपट! माणसं काय पाचपट झाली नाहीत, २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख होतो आपण. म्हणजे तीच माणसं मोठ्या चादरीवर पसरली, कुठं घर, मधे तीन पडीक प्लॉट, मग परत एक घर. अजून आम्ही "हद्दवाढ भाग" असंच म्हणतो त्याला, तीस वर्षं होऊन गेली तरी. आणि मी स्वतः तिथंच राहतो, जुळे सोलापुरात, तेव्हा मी काही तुम्हाला शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. आमच्या घरी माणसं चार आणि टू-व्हीलर तीन.

पसरण्याचा हिशोब कुणी घरखरेदीच्या वेळी करत नाही. शंभर घरं एका गल्लीत असली तर एक पाइप, एक गटार, दिव्याचे चार खांब आणि एक घंटागाडी. तीच शंभर घरं दहा लेआऊटमध्ये विखुरली की सगळं कितीतरी पट लागतं आणि टॅक्स भरणारी माणसं तेवढीच. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरनं येतं, ते शहरात आलं की या पसाऱ्यात फिरवायचं. पाणी काही दिवसाआड का येतं याला कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक हे पण आहे. आमच्याकडं सोयरीक जुळवतानासुद्धा विचारतात, तुमच्यात पाणी कितव्या दिवशी येतं.

बसचं पण तेच. बस चालायची तर स्टॉपच्या आसपास पाच-सात मिनिटं चालण्याच्या अंतरात भरपूर माणसं पाहिजेत, आणि गाडी दर दहा मिनिटाला पाहिजे. विखुरलेल्या वस्तीत गाडी रिकामी फिरते, मग तोटा, मग फेऱ्या कमी, मग माणूस तासभर उभा राहून कंटाळतो आणि हप्त्यावर गाडी घेतो, मग बस अजून रिकामी. मधे केंद्राच्या योजनेतनं नव्या बस आल्या, तर त्यातल्या कित्येकांच्या चेसीला तडे, वाद, आणि गाड्या डेपोत उभ्या. आता २०२३ च्या पीएम ई-बस योजनेत आपलं नाव आहे. चांगलंय. पण त्या गाड्या पिवळ्या दगडांच्या मागं धावत सुटल्या तर त्यांचं पण तेच होणार.

आणि यात खरी गंमत कुठंय माहितीये का, अक्कलकोट रोडवरच्या कुंभारीला.

आमच्या जुन्या गल्लीतल्या एक मावशी विड्या वळायच्या, अजून वळतात. त्यांना तिथल्या रे नगरात घर मिळालं. ३० हजार घरांची वसाहत आहे ती, विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाईवाल्या बायका, सगळे असंघटित. माजी आमदार अडम मास्तरांनी कितीतरी वर्षं लावून धरलं होतं, १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हातनं पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या मिळाल्या. मी भेटायला गेलो तर मावशी उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या, पानं कापणं चालू, कात्रीकडं न बघता. घर खरंच छान. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, भिंतीला गुलाबी रंग. म्हणाल्या, "घर झकास हाय रे, पर गाव लांब गेलं." वळलेल्या विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला त्या अजून जुन्याच कारखान्यात येतात, नावावर तिथंच काम आहे म्हणून. पूर्वी पाटी घेऊन पाच मिनिटं चालायच्या. आता जायचं रिक्षाच्या सीटचं भाडं, यायचं सीटचं भाडं, आणि त्यात छाट, म्हणजे नापास केलेल्या विड्या, जास्त निघाली तर त्या दिवशी हातात काय उरतं ते मी विचारलं नाही.

पण उलटं बघा. त्याच कुंभारीत आधीची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, १० हजार घरांची, २००६ सालची. दोन्ही मिळून ४० हजार घरं, सगळी भरली तर दीड लाख माणूस, एकाच जागी, एकाच रस्त्यावर! वाटेत अक्कलकोट रोड एमआयडीसी, म्हणजे कामाची ठिकाणं पण त्याच लाइनीत. पुढं अशोक चौक, मग स्टेशन. रस्ता शहराबाहेर चौपदरी झालाय. सोलापुरात जलद बस कुठं भरून धावेल असं मला कुणी विचारलं तर डोळे झाकून सांगीन, इथं. दर दहा मिनिटाला, पहाटे पाचपासून, मोजके स्टॉप, आणि जमेल तिथं तिची स्वतःची लेन. मेट्रो मेट्रो कुणी करू नका, आपल्याला नको ती, परवडणार पण नाही.

लांब कशाला, हुबळी-धारवाडला बघा. आपले निम्मे पाहुणे तिकडचेच. २०१८ मध्ये रस्त्याच्या मधोमध वेगळ्या लेनमधनं चिगरी बस चालू झाली, बावीसेक किलोमीटर. चिगरी म्हणजे हरिण. तक्रारी तिथं पण आहेत, पण दोन टोकांना माणसं असली की मधली बस पळते एवढं तरी कळलं. याच्या आधी ब्राझीलमधल्या क्युरिटिबानं १९७४ पासून हेच केलं, फक्त एक गोष्ट जास्त केली, उंच इमारतींना परवानगी बसच्या रस्त्यांच्या कडेलाच, आत गेलं की बुटकी घरं. म्हणजे बस आणि घरं एकत्र आखली. पुण्यानं २००६ मध्ये बसच्या लेन आधी काढल्या, बाकीचं नंतर बघू म्हटलं, ते कसं फसलं ते आपण स्वारगेटला बघितलंय.

आपल्याकडं तर शहराचा आकारच सोयीचा आहे, बैलगाडीच्या चाकासारखा. मधे गाव आणि पुणे, बार्शी, तुळजापूर, हैदराबाद, अक्कलकोट, होटगी, विजापूर, सगळे रोड आऱ्यांसारखे बाहेर. त्यातले तीन-चार आरे धरायचे आणि वाढ तिथंच होऊ द्यायची, पोटातल्या मोकळ्या जागा आधी भरायच्या. २०२० च्या बांधकाम नियमावलीत रुंद रस्त्यावर जास्त एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं जास्त बांधकाम, मिळतोच, त्यात नवीन काय नाही. फक्त त्या रस्त्यावर बस पण पाहिजे ना बे, नाहीतर आठ मजले चढवून खाली शंभर गाड्यांचं पार्किंग. रेल्वेचं तर मी बोलतच नाही, पाकणी, बाळे, सोलापूर, टिकेकरवाडी, होटगी अशी ओळीनं स्टेशनं आहेत, सकाळ-संध्याकाळ एक शटल फिरवली तरी... असो, हे मी दहा वर्षं बोलतोय आणि घरचे उठून जातात.

मित्राला परत येताना हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. बायको मागनं म्हणाली, "त्यापेक्षा अक्कलकोट रोडला फ्लॅट बघू की, बसचं काय व्हायचं ते होऊ दे, अशोक चौक तरी जवळ पडंल." तो गप्प. फ्लॅट म्हणजे वर आपलं आभाळ नाही आणि खाली आपली माती नाही, असं त्याच्या वडलांचं म्हणणं, आणि एका गुंठ्याचा का होईना सात-बारा पाहिजे हे आपल्या सगळ्यांच्या रक्तातच आहे, त्याला तो तरी काय करणार.

मंगळवारी त्याचा फोन आला. "टोकन दिलो बे, भाव वाढणाराय म्हणं पुढच्या महिन्यात." बायको काय म्हणाली विचारलं तर म्हणाला, बोलत नाहीये. मला पण पुढं काय बोलावं सुचलं नाही. पंपावर लाइनीत होतो मी, पोराची गाडी घेऊन.