‘लावलंच नाही असं दिसू दे’

सांगली-मिरज भागात मी नवरीचा मेकअप करते. पहाटे उठणं, कार्यालयाच्या खोलीतला एकुलता एक चालू प्लग पॉइंट आणि त्यात आधीच कुणाचा तरी मोबाईल, ही रडगाणी सगळ्यांना पाठ आहेत. बाहेरच्यांना ठाऊक नसतं ते हे, की नवरीच्या चेहऱ्यावर सगळ्यात कमी टिकते ती लिपस्टिक, आणि सगळ्यात जास्त मतं असतात तीही लिपस्टिकवरच. फाउंडेशनबद्दल आत्या चकार शब्द काढत नाही. लिपस्टिकबद्दल दारातूनच सुरू होते.

या लग्नातही नवरीच्या आईने फोनवरच सांगून टाकलं होतं, "भडक काही नको हं ताई. ओठांना तर न्यूडच. लावलंच नाही असं दिसू दे." हे मी दर सीझनला ऐकते. लोकांना वाटतं, लाल म्हणजे मोठं काम आणि न्यूड म्हणजे सोपं. खरं उलट आहे. चांगला दाट लाल एका हातात बसतो, खालचं सगळं झाकतो आणि वर मिरवतोही. न्यूडला मात्र त्या बाईच्या ओठाशी, गालाशी आणि दाताशी जमवून घ्यावं लागतं. एवढासा फरक पडला तरी बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण ‘आजारी दिसते’ एवढं नक्की म्हणतो.

ट्रायलला मुलगी आली ती तपकिरी लिपस्टिक लावूनच. पुण्यात नोकरी, बोलणं मोजकं. मी कापूस घेऊन ओठ पुसायला लागले तर म्हणाली, "ओठ मी पुसते." पर्समधून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, कापूस भिजवून ओठांवर नुसता दाबून धरला. घासला नाही. रंग सुटल्यावर दिसलं. खालच्या ओठाचा डावा अर्धा भाग दुधाळ गुलाबी, आणि कोपऱ्यात ओठाची कड ओलांडून कातडीवर उतरलेला डाळीएवढा पांढरा डाग. वरच्या ओठावर एक ठिपका. उरलेला ओठ तिचा मूळचा, जांभळट तपकिरी.

"कोड नाही हो ते, नुसता डाग आहे," आई म्हणाली.

"कोडच आहे, आई."

मग तिनेच मला सगळं नीट सांगितलं, डॉक्टरांकडे बसून बसून पाठ झाल्यासारखं. मलमांनी हाताचा डाग भरून आला, ओठाचा आला नाही. गेलेला रंग परत येतो तो बराचसा केसांच्या मुळांतून, आणि ओठाला केस नसतात. दुसरं, चालू कोडात कातडी घासली, खरवडली, तर तिथे नवा डाग उठू शकतो. म्हणून ते दाबून पुसणं. आम्ही मॅट लिपस्टिकच्या आधी साखरेने नाहीतर ब्रशने ओठ घासून घेतो, ते इथे बाद. "ते परमनंट रंग भरतात ना ओठांत, तसं केलं तर?" हे आईने विचारलंच. सुयांनी टोचायचं म्हणजे जखमच ती. मी म्हटलं, त्वचेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पार्लरवाल्या कुणाचंही ऐकू नका, माझंसुद्धा नाही.

टिकलीखाली पडणारे पांढरे डाग मी याआधी कितीतरी कपाळांवर बघितलेत. काही टिकल्यांच्या गोंदात एक रसायन असतं, ते रंगपेशीच मारतं. त्वचेच्या डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे, पण ज्या बायका रोज त्या लावतात त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्या डागावर त्या आणखी मोठी टिकली लावतात.

खरी मेहनत पुढे होती. घर जैन. आईने पहिल्याच दिवशी विचारलेलं, "किड्यांचा रंग नाही ना त्यात?" प्रश्न रास्त आहे. कार्माइन हा लाल रंग कोशिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. डब्यामागे बारीक अक्षरात सीआय ७५४७० लिहिलेलं असतं, तेच ते. माझ्या पेटीत गुलाबी-जांभळट झाक असलेल्या ज्या दाट शेड्स होत्या, म्हणजे तिच्या मूळ ओठाच्या जवळ जाणाऱ्या, त्यातल्या बहुतेकांवर हाच नंबर निघाला. शिवाय मध खात नाहीत म्हणून मधमाशीचं मेणही नको. मग भिंग घेऊन बसले. सीआय १५८५० चालेल, तो कारखान्यातला लाल. आयर्न ऑक्साइड चालतील, ती खनिजं. मेण कार्नोबाचं किंवा कँडेलिलाचं, म्हणजे झाडाचं. काउंटरवरच्या मुलींना यातलं विचारलं तर त्या ‘व्हेगन आहे मॅडम’ म्हणून मोकळ्या होतात, आणि बॉक्स उलटा केला की मागे ७५४७० हजर.

आता रंग. बाजारात न्यूड म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं गोऱ्या ओठांचा हिशेब धरून केलेलं असतं. गुलाबी-बदामी रंग झाकणारा व्हावा म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरा, भरपूर घालतात. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर तो पांढरा वर येतो आणि ओठ राख फासल्यासारखे दिसतात. टाटांनी लॅक्मे सुरू केली १९५२ साली. म्हणजे या देशात लिपस्टिक बनायला लागून सत्तर वर्षं उलटली, ओठ तर त्याआधीपासून तपकिरीच आहेत, तरी दुकानात ‘न्यूड’च्या खणात हात घातला की निम्म्या शेड्स पिठूळ निघतात. सावळ्या बाईचा न्यूड विटकरीत असतो, दालचिनीत, वाइनकडे झुकणाऱ्या तपकिरीत. झाकण्याची ताकद पांढऱ्यातून न घेता लाल, पिवळ्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइडमधून घ्यायची. आणि मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या हे बघून अंडरटोन, म्हणजे कातडीची आतली झाक, ठरवायला शिकवणाऱ्यांनी एकदा आमच्याकडच्या सावळ्या मनगटावर शीर शोधून दाखवावी. मी गळ्याखालची कातडी बघते, सोनं आणि चांदी आळीपाळीने धरते आणि शेड हाताच्या पाठीवर कधीच तपासत नाही. बोटाच्या टोकावर लावते. तिथला रंग ओठाच्या त्यातल्या त्यात जवळचा.

तिच्यासाठी स्टीलच्या पॅलेटवर विटकरी, चॉकलेटी आणि जरासा बेरी असे तीन रंग स्पॅच्युलाने मळले. पण सरळ वरून लावलं की उजवी बाजू गडद आणि डावी फिकी. म्हणून आधी डागापुरती लालसर तपकिरी पेन्सिल, ओढून नाही, टोकाने टिपून टिपून. वर टिश्यू ठेवून त्यातून पावडर. मग सगळ्या ओठाला मिश्रण. कातडीवर उतरलेल्या डाळीएवढ्या डागाला कन्सीलर वेगळा. ट्यूबलाइटखाली दोन्ही बाजू एक झाल्या आणि मी मोबाईलचा पिवळा दिवा लावून बघितलं तर डावी बाजू केशरट. दोन वेगळ्या रंगद्रव्यांचे रंग एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फुटतात. कार्यालयात पिवळे झुंबर, व्हिडिओवाल्याचा पांढराशुभ्र दिवा आणि मांडवात ऊन. तिन्हीत जमायला हवं होतं. पेन्सिल बदलली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेवटी जमलं तेव्हा मला स्वतःलाच डाग कुठे होता ते शोधावं लागलं. हे काम मला दाखवता येत नाही, फोटो टाकता येत नाही, म्हणून इथे लिहून घेते.

आई खूश. मुलगी आरशात बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ताई, लाल लावून बघूया का?"

लावला. थंड, निळसर झाक असलेला लाल, सीआय १५८५० वाला. निळसर लालाने दातही पांढरे दिसतात; केशरी लालाने पिवळेपणा वर येतो. पेन्सिलने कड, एक हात, टिपून दुसरा. डागाचा प्रश्नच उरला नाही, खाली काय आहे ते त्या रंगाला कळतही नव्हतं. तिचा चेहरा उघडला. बसण्याची ढब बदलली.

"लाल नको," आई म्हणाली. "लाल लावला की माणसं ओठांकडेच बघतात."

"बघू देत की."

"मुलाकडच्यांना माहितीये," आई मला म्हणाली, मी काही विचारलेलं नसताना. मुलीने मान हलवली नाही, हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही. तोडगा निघाला तो असा की अक्षतांना न्यूड, संध्याकाळी लाल.

मे महिन्यातलं सांगलीचं ऊन, त्यात शालू. सकाळ निभावली. नथीचा मोती नेमका डाव्या कोपऱ्यावर येत होता आणि हलला की रंग घासत होता. नथ अर्ध्या पेराने वर घेतली, झालं. अक्षता पडेपर्यंत मी कॅमेऱ्याच्या मागे कॉटन बड घेऊन उभी. वऱ्हाडातल्या एक काकू येऊन म्हणाल्याच, "नवरीला लिपस्टिक लावायची राहिली काय हो?" तासाभराच्या कामाला याहून मोठी पावती मिळत नाही, पण ऐकताना राग आलाच.

दुपारनंतर लाल. लिक्विड मॅट घेतली, कारण पंगत सूर्यास्ताच्या आत उरकायची होती आणि लगेच स्टेजवर उभं राहायचं होतं. या लिपस्टिकीतला पातळ द्रव उडून जातो आणि ओठावर रंगाचा पापुद्रा उरतो. पाण्याला, चहाला तो दाद देत नाही. तेला-तुपाला देतो. मी आईला आणि करवलीला सांगून ठेवलं होतं, पुरी आणि जिलेबी तिला लहान घास करून आत भरवा, ओठाला लागू देऊ नका. पण घास भरवायला दोन्हीकडची मिळून पंधरा माणसं रांगेत, व्हिडिओवाला ‘परत एकदा, परत एकदा’ करणारा. तुपाने आतल्या कडेपासून पापुद्रा सुटला. बाकीच्या नवरीमुलींचा सुटतो तेव्हा खाली एकसारखा ओठ असतो. हिचा अर्धा तपकिरी, अर्धा पांढरट, भोवती लाल कड. कोपऱ्यातला कन्सीलर तर कुणाच्या तरी रुमालावर गेला होता.

मी तिला खोलीकडे नेत होते तेवढ्यात सासूबाई मागून आल्या. आत येऊन त्यांनी तिची हनुवटी धरली, चेहरा खिडकीकडे वळवला आणि बघितलं. माझ्या हातात कापूस तसाच.

"तेलकट खाल्लं की निघतंच," त्या म्हणाल्या. "लावा परत. आणि हे कोपऱ्यातलं पण घ्या जरा."

आणि दारात जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. बायका आल्या त्यांना म्हणाल्या, "साडी बदलतीये, थांबा की." मग नवरीची आई धावत आली. मुलीचा उघडा ओठ, दारात विहीणबाई; तिचा चेहरा मला बघवेना. सासूबाईंनी तिला हाताला धरून बाकड्यावर बसवलं. "पाणी पिऊन घ्या विहीणबाई, दिवस बुडायला आलाय."

मी हे तेव्हापासून घोळवते आहे. त्यांना आधीपासून माहीत होतं का? ‘कोपऱ्यातलं पण’ म्हणाल्या, ते आधीची जागा ठाऊक होती म्हणून, की त्या क्षणी दिसलं म्हणून? माहीत असेल तर आईला एवढी धास्ती कशाची? आणि माहीत नसेल, तर एका माणसाला एवढ्यात सावरता येतं? मी पुन्हा पेन्सिल टिपत होते तेव्हा मुलगी आरशातून सासूच्या पाठीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरूनही मला काही कळलं नाही.

नवऱ्या मुलाच्या टाळूवर त्याच सकाळी एका माणसाने केसांचा पॅच चिकटवला होता. तो खोलीभर सगळ्यांसमोर, हसत-खिदळत. त्याला कुणी फसवणूक म्हणणार नाही. मला मात्र रस्त्याने घरी येताना वाटत राहिलं की मी कुणाच्या तरी बाजूने काहीतरी लपवायला मदत केली की काय. जखमांचे व्रण मी झाकते, जुन्या नावाचे टॅटू झाकते, तेव्हा असं वाटत नाही. यावेळी का वाटावं, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

फोटोग्राफरने अल्बम पाठवला त्यात संध्याकाळचे सगळे ओठ कॉम्प्युटरवर गुळगुळीत करून गुलाबी केलेले. ना माझा लाल, ना तिचा तपकिरी. विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांचेच करतो मॅडम, प्रीसेट आहे." मुलीने त्याच्याकडून मूळ फोटो मागवून घेतले, पंगतीतल्यासकट. ते तिनेच मला कळवलं. सोबत विचारलं, की न्यूडचं ते मिश्रण ऑफिसला रोज लावायचंय, एकाच ट्यूबमध्ये कुठे मिळेल?

शोधते आहे. मागे मिरजेच्या बाजारात एक मिळाली होती, विटकरी, दाट, पिठूळ अजिबात नाही, बोटावर लावून उन्हात नेली तरी रंग फुटला नाही. बॉक्स उलटा केला. सीआय ७५४७०.